एकाच रंगाचे दोर

दोन नौकांची तुलना करावयाची झाल्यास त्या एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात आणि एकाच माणसाच्या हाताखाली चालवून पाहाव्यात, असे माझे मत आहे. मी शिडे शिवणारा कारागीर आहे. माझे शिक्षण सातवीपाशीच थांबले. तथापि वाचनाची आवड मी सोडली नाही, आणि त्यामुळेच घरात मला ‘पंडित’ म्हणून चिडवितात. ज्या तुलनेची हकिकत मी येथे मांडीत आहे, तिचा निवाडा माझ्याकडे सोपविण्यात आला होता. तो मी दिला नाही, कारण तो देण्याची वेळच आली नाही.

पहिली नौका माझ्या थोरल्या भावाची. लांबी सव्वीस फूट, सर्वांग लाकडी, एक डोलकाठी, आणि सुकाणू फिरविण्यासाठी साधा लाकडी दांडा. दादाने ती घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची वापरलेली होती, आणि त्यानंतर दादाने आपले सारे तारुण्य तिच्या फटी बुजविण्यात खर्ची घातले. तिला आम्ही सगळे ‘म्हातारी’ म्हणतो. दुसरी नौका बेचाळीस फुटांची, फायबरची, अलीकडच्या बांधणीची. तिचा मालक दंतवैद्य होता आणि तो परगावी जाऊन राहणार होता. “थोडे दिवस वापरून बघा, पटली तर घ्या,” असे म्हणून त्याने किल्ली वहिनींच्या हाती दिली होती. दादाने पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘पाहुणी’ ठेवले. पाहुणी म्हणजे येणार आणि जाणार, असा त्याचा त्यामागील अभिप्राय होता.

दादा कारखान्यात लेथवर काम करीत असे आणि वहिनी रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांना मूलबाळ झाले नाही. त्याऐवजी त्यांच्याजवळ एक बेत होता. नोकऱ्या संपल्या की घराला कुलूप लावावयाचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस, जेथे पाणी उबदार असते तेथपर्यंत, नौकेतून जावयाचे. एक पूर्ण वर्ष घरी परतावयाचे नाही. हा बेत मी माझ्या मिसरूड फुटण्याच्या वयापासून ऐकत आलो आहे. दादाने कंबरदुखीचे कारण सांगून लेथ जरा लवकरच सोडला, पाठोपाठ वहिनीही निवृत्त झाल्या, आणि बेत प्रत्यक्षात आणावयाची वेळ येताच दोघांत तंटा उभा राहिला. दादाला म्हातारीतूनच जावयाचे होते. वहिनींना पाहुणी हवी होती. धक्क्यावर कायमची जागा एकाच नौकेची होती आणि थंडीच्या आत निघणे भाग होते.

त्यांनी मला बोलावून घेतले, तेव्हा दोघे स्वयंपाकघरातील मेजापाशी एकमेकांकडे पाठ करून बसावे तसे समोरासमोर बसले होते.

“भावजी, आता तुम्हीच काय ते सांगा,” वहिनी म्हणाल्या. “यांना म्हातारी सोडवत नाही, आणि मला म्हातारीत बसवत नाही.”

“बसवत नाही म्हणजे काय? इतकी वर्षं बसलीस की!”

“इतकी वर्षं माझे गुडघे माझे होते. आता ते डॉक्टरांचे झालेत.”

दादा हसला. त्याने किटली उचलली आणि माझ्यासाठी चहा ओतला. ओतताना कपाच्या काठावरून बोट आत सोडण्याची एक नवीच लकब त्याला लागली होती. कारागिराच्या हाताला मोजमापाची खोड असते, असे समजून मी तिकडे लक्ष दिले नाही.

“हे बघ पंडित, दोन्हींवर ये. आज म्हातारीवर, उद्या पाहुणीवर. मग तू जे म्हणशील ते. आम्ही दोघं ब्रसुद्धा काढणार नाही.”

“निवाडा लेखी देऊ?” मी विचारले.

“नको रे बाबा, तोंडीच दे. तुझं लेखी समजून घ्यायला आणखी एक पंडित आणावा लागेल.”

वहिनी हसू दाबण्यासाठी उठून नळाकडे गेल्या. त्या घरात हसण्याचा दुष्काळ कधीच नव्हता. म्हणूनच पुढील प्रसंग लिहिताना माझा हात जड होतो.

त्याच दुपारी मी धक्क्यावर त्यांची वाट पाहत उभा राहिलो. दादा फळ्यांवरून नेहमीच्या झपाझप चालीने आला आणि माझ्या अगदी जवळून पुढे निघून गेला. मी खाकरलो.

“अरे, कुठे होतास तू?” तो मागे वळून म्हणाला. “ऊन काय मी म्हणतंय! डोळ्यावरच येतंय.”

ऊन त्याच्या पाठीवर होते. पण माणूस आपल्या भावाचे बोलणे उन्हाशी ताडून पाहत नाही.

म्हातारीवर चढणे म्हणजे तिच्या कुशीत शिरणे होय. तिच्या केबिनमध्ये उभे राहता येत नाही. मान खाली घालूनच आत जावे लागते आणि एकदा बसले की बसूनच सर्व काही करावे लागते. परंतु बसल्या जागेवरून चूल हाताशी येते, पाण्याचे पिंप हाताशी येते, कंदील, नकाशा, पांघरूण सारे हाताशी येते. समुद्र कितीही हलला तरी खांदा कोठे ना कोठे टेकतो. तेलाचा, डांबराचा आणि जुन्या सुताचा वास तिच्या लाकडात कायमचा मुरला आहे. तिचे सर्व दोर डोलकाठीच्या बुंध्याशी उतरतात आणि प्रत्येक दोराची स्वतःची एक लाकडी खुंटी आहे. ते सारे दोर पांढरे आहेत. हल्ली दोर रंगीत मिळतात, मीच ते माझ्या दुकानात ठेवतो, आणि दरवेळी दादापुढे ते मांडले की तो ठरलेले वाक्य बोलत असे, “मी काय रिबिनीचं दुकान काढलंय?”

त्या दिवशी वारा मध्यम होता. दादाने पायातील बूट काढले, सुकाणूचा दांडा काखेत धरला, आणि मी कित्येक वर्षे जे पाहत आलो होतो तेच पुन्हा पाहिले. त्याचा हात दोराकडे जाई तो जेवताना घास तोंडाकडे जावा तसा. एकदाही त्याने खुंट्यांकडे पाहिले नाही. शीड जरा सैल झाले की त्याच्या तळपायांना ते कळे, आणि शीड फडफडण्याआधीच दांडा किंचित सरके. म्हातारी सावकाश चालते, लाटेवर अंग भिजवते, पण वाऱ्याच्या तोंडावर ती जशी दात रोवून पुढे जाते तशी जाणारी दुसरी नौका माझ्या पाहण्यात नाही.

दिशा बदलताना वहिनींना पुढचे शीड ओढून घेण्यासाठी डोलकाठीपाशी जावे लागले. तिरप्या फळ्यांवर त्यांचा गुडघा मध्येच अडकला आणि त्या कडेच्या दिशेने घसरल्या. मी झेप घेऊन त्यांचा दंड धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हे सर्व दादाच्या डोळ्यांसमोर, चार हातांवर घडले.

“काय झालं गं?” दादाने विचारले.

वहिनींनी मला डोळ्याने खुणावले आणि आवाज नेहमीसारखा करून म्हणाल्या, “काही नाही. भावजींना तोल सांभाळायला शिकवतेय.”

“शिकव, शिकव. पुस्तकात तेवढंच राहिलंय त्याचं.”

मला त्याचा संताप आला. बायको समुद्रात पडता पडता वाचते आणि हा न पाहिल्याचे सोंग करून विनोद करतो! हट्ट माणसाला किती निष्ठुर करतो, असे एक वाक्य मी मनातल्या मनात जुळवले, आणि निवाडा पाहुणीच्या बाजूने देण्याचे तेथेच जवळजवळ ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहुणीवर गेलो.

न्यायाने सांगावयाचे तर ती उत्तम नौका आहे. तिच्यावर चढण्यास रुंद पायरी आहे. आत ताठ उभे राहून मनुष्य अंगरखा घालू शकतो. निजावयाची खोली वेगळी, गरम पाणी वेगळे, भट्टी आहे, शीतकपाट आहे. माझी तक्रार एवढीच, की ती आतून दिवाणखान्याइतकी ऐसपैस असल्यामुळे लाट आली की धरावे असे हाताला काही लागत नाही. वेगाने ती म्हातारीच्या दीडपट जाते आणि तेवढी कलत नाही. तिला सुकाणूचे मोठे चाक आहे. मी ते हातात घेऊन पाहिले. चाक फिरविले की नौका वळते, पण नौकेला काय होते आहे ते चाक हाताला सांगत नाही.

आणि दोर! पाहुणीवर डोलकाठीपाशी कोणालाही जावे लागत नाही. सगळे दोर झाकणाखालून मागे, बसण्याच्या जागेपर्यंत आणलेले आहेत आणि तेथे ते एका ओळीत, बोटाला बोट लागावे इतके जवळजवळ बाहेर येतात. प्रत्येकावर एकसारखा खटका आहे. खटका दाबला की दोर पक्का, उचलला की मोकळा. जड ओढायचे असेल तर विजेचे यंत्र आहे. त्याचे बटण दाबावे. कोणता दोर कशाचा, हे ओळखण्यासाठी प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला आहे.

“निळा पुढच्या शिडाचा,” वहिनी मला दाखवू लागल्या. “तांबडा मोठं शीड वर चढवायचा. हिरवा मोठ्या शिडाला ढील द्यायचा. पिवळा वारा वाढला की शीड आखडायचा.”

त्यांनी चाक धरले, बटण दाबले, शीड चढविले, नौका वाऱ्यावर घातली. आणि हे सारे अशा सराईतपणे, की मी थक्क होऊन पाहत राहिलो. एवढ्या वर्षांत मी त्यांना सुकाणू धरलेले पाहिले होते ते दादाला जेवावयाचे असेल तेव्हाच.

“वहिनी, हे केव्हा शिकलात?”

“बायकांना सगळं येतंच असतं, भावजी. विचारत कोणी नाही.”

दादा बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने बूट काढले नव्हते. परक्याच्या घरी नव्या गादीवर बसविलेल्या माणसासारखा तो अवघडला होता. मी त्याची थट्टा करण्यासाठी म्हणालो, “दादा, पाहुणी ती का तू?” तो हसला नाही.

परतीच्या वाटेवर डाव्या अंगाने एक काळा ढग चढून आला आणि त्याच्या पुढेपुढे पाण्यावरून वाऱ्याचा करडा पट्टा धावत आला. शिडावर झोत आदळताच पाहुणीसारखी पाहुणीही एका कुशीवर कलली. मी खालच्या बाजूस कोपऱ्यात चेपला गेलो होतो. दोरांच्या ओळीजवळ दादाच होता.

“अहो, हिरवा सोडा!” वहिनी ओरडल्या. “हिरवा!”

दादा क्षणात उठला. त्याचा हात त्या ओळीवर गेला, तेथे जरासा तरंगला, एका खटक्यावर आला, पुढल्या खटक्यावर गेला, आणि मग त्याने एक खटका उचलला.

दोर सळकन सुटला. डोक्यावर गडगडाट झाला आणि मोठे शीड निम्म्याहून अधिक खाली कोसळून फाटल्यासारखे फडफडू लागले. सुटता दोर दादाने दुसऱ्या हाताने पकडण्याचा प्रयत्न केला, आणि तो त्याच्या तळहातातून जळत गेला. तो दोर तांबडा होता.

शीड पडल्यामुळे नौका सरळ झाली आणि धोका टळला. तसे पाहता मोठे काही झाले नाही. परंतु माझ्या भावाने आयुष्यात कधी चुकीचा दोर सोडला नव्हता. भर वादळात नाही, तापाने फणफणलेला असताना नाही. मी ओरडणार होतो, “दादा, तो तांबडा!” शब्द ओठांवर आले आणि तेथेच राहिले, कारण मी त्याचे डोळे पाहिले. तो दोरांकडे पाहत होता, पण दृष्टी दोरांवर नव्हती. ती दोरांच्या पलीकडे, जरा वर आणि बाजूला होती. मान वाकडी करून तो एखाद्या दाराच्या फटीतून आत पाहावे तसा त्या ओळीकडे पाहत होता.

“भावजी, चाक धरा,” वहिनी म्हणाल्या.

त्या दादाजवळ गेल्या. ‘दिसत नाही का’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याचा चांगला हात उचलला, ओळीतील एका दोरावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून म्हणाल्या, “हा.”

त्या एका शब्दाने मला कळले की त्यांना कधीचेच ठाऊक होते. आणि तेच दादालाही कळले. त्याने हात काढून घेतला नाही; त्या दोराला धरून तो तसाच उभा राहिला.

धक्क्याला लागल्यावर आम्ही केबिनमध्ये बसलो. वहिनी त्याच्या तळहाताला मलम लावीत होत्या.

“किती दिसतं?” त्यांनी विचारले. वॉर्डातील रुग्णाला विचारावे तसा त्यांचा स्वर होता.

“कडेकडेनं दिसतं. मधोमध नाही. तुझ्याकडे सरळ बघितलं ना, की तुझं तोंड नसतं. जरा बाजूला बघितलं की एक कान दिसतो.”

“ठीक आहे. तोंडापेक्षा कान बरा आहे माझा.”

“आणि रंग म्हणशील तर सगळे धुवून वाळत घातल्यासारखे. डॉक्टर म्हणतात पडदा झिजलाय. गेलेलं परत येत नाही.” त्याने वहिनींकडे तोंड वळविले. “तुला कधी कळलं?”

“चहात बोट बुडवायला लागलात तेव्हा. कंबर दुखते म्हणून लेथ सोडलात आणि दुसऱ्या दिवशी गव्हाचं पोतं खांद्यावरून आणलंत, तेव्हा. आयुष्य गेलं माझं वॉर्डात. मला काय कळायचं राहतंय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

“आणि इतके दिवस गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून जात होतीस, ते?” दादाने विचारले.

“कसले व्यायाम! पलीकडच्या बंदरात शिडाच्या शाळेत जात होते. सगळी कॉलेजातली पोरं आणि मधे मी. मला आजी म्हणायची. पण चालवायला शिकवलं त्यांनी. ही एकटीनं चालवता येते. दोर मागे, बटण दाबलं की झालं. तुम्हाला घेऊन जाता येईल आणि सुखरूप परत आणता येईल. म्हातारीत मला ते जमणार नाही हो. पुढे जायचं म्हटलं की माझा पाय जागेवर राहत नाही. काल भावजींनी धरलं म्हणून.”

“काल?”

“पडले असते काल. तुमच्यासमोर.”

दादाचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. जो संताप मी काल मनात जुळविला होता, तो माझ्यावरच उलटला.

“मला वाटलं होतं,” तो हळूहळू म्हणाला, “म्हातारी असली तर चालवून नेईन. तिच्यात मला डोळे लागत नाहीत. दोर आपले आपण हातात येतात. तुला कळायच्या आत दक्षिणेला पोचू. तिथं ऊन असेल, पाणी असेल, मग सावकाश सांगेन.”

“म्हणजे मी तुम्हाला न सांगता नेणार होते, आणि तुम्ही मला.”

“हो. म्हातारीत तुला गुडघे पाहिजेत आणि हिच्यात मला डोळे.”

त्या वाक्यानंतर तेथे तुलना करण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही मी कारागीर आहे आणि कारागिराला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. मी म्हणालो, की मी प्रत्येक रंगीत दोराच्या टोकाला सुताची वेगवेगळी बांधणी करून देईन. एकाला एक वेढा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला जाड गाठ. बोटांनी सहज ओळखता येतील.

“देशील रे,” दादा म्हणाला. “मन लावून देशील. आणि झोत आला की मी गाठी चाचपत बसेन आणि ही चाकाला लटकून ओरडेल. नाही. तिथं चाचपायला वेळ नसतो. म्हातारीत मी चाचपत नाही, पंडित. तू बघितलंयस.”

मी पाहिले होते.

“तुझा निवाडा राहिला,” तो म्हणाला.

मी तोंड उघडले. आयुष्यभर गोळा केलेले सारे चांगले शब्द त्या वेळी मला सोडून गेले. “मला काही सुचत नाही, दादा,” एवढेच मी बोललो.

“वा! एकदा तरी साधं बोललास.” त्याने बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, म्हणजे ठेवू गेला आणि तो बाकावर पडला. “म्हातारीला गिऱ्हाईक बघ. नीट माणूस बघ.”

वहिनी रडत होत्या, पण आवाज न करता. दादाला ते दिसणार नव्हते, आणि त्याला ऐकूही येऊ नये म्हणून त्या जपत होत्या.

गिऱ्हाईक मी शोधले. बेकरीचा मालक होता. सालस, घामाघूम होणारा, शिडाच्या वेडाने झपाटलेला मनुष्य. ज्या सकाळी तो म्हातारीला न्यावयास आला, त्या सकाळी दादाने त्याला तिच्यावरून फिरविले. पंपाचा दांडा किती हलविला की पाणी चढते, केबिनचे दार कोठे उचलून ढकलावे लागते, कोणती फळी कुरकुरली तरी घाबरू नये, हे सर्व त्याने सांगितले. सांगताना तो बेकरीवाल्याच्या आवाजाकडे तोंड करून उभा राहत असे, त्यामुळे त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत काही संशय आला नाही.

“साहेब, पण हे दोर सगळे एकाच रंगाचे!” तो डोलकाठीपाशी उभा राहून म्हणाला. “ओळखायचे कसे?”

“रंग कशाला? प्रत्येकाची जागा आहे की. डोळे मिटा आणि हात लावा.”

बेकरीवाल्याने आज्ञाधारकपणे डोळे मिटले. दादाने त्याचा हात धरून एकेका खुंटीवर ठेवला आणि एकेका दोराचे काम सांगितले. शेवटच्या खुंटीवर त्याने स्वतःचा हात जरा अधिक वेळ ठेवला. मग तो कडेवरून धक्क्यावर उतरला. उतरताना तो अडखळला नाही. म्हातारीवरून तो कधीच अडखळला नव्हता.

आम्ही तिघे धक्क्याच्या टोकाशी उभे राहिलो. पाहुणी मागे बांधलेली होती; तिच्यावर सामान चढले होते आणि आठवड्याभरात ती दोघे निघणार होती. त्या दिवसापासून पाहुणीवर वहिनींनी रंगाचे नाव घेतले नाही. ‘उजवीकडचा’, ‘त्याच्या शेजारचा’ असे त्या म्हणत, तेही वारा शांत असेल तेव्हाच. वारा वाढला की त्या सारे स्वतः करीत, आणि दादा बाकावर बसून राही.

म्हातारी दोरखंड सोडून हळूहळू पाण्यात सरली. बेकरीवाला डोलकाठीपाशी गेला. मला सगळे दिसत होते, परंतु दादा माझ्या आधी बोलला. वरची जुनी कप्पी करकरली आणि तो अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटला, “तो नाही रे. त्याच्या शेजारचा.”

शीड वर चढण्याऐवजी त्याचा कोपरा ताणला गेला होता. बेकरीवाल्याने वर पाहिले, खाली पाहिले, पांढऱ्या दोरांकडे पाहिले. मी हाक मारण्यासाठी हात तोंडाशी नेला.

“ओरडू नकोस,” दादा म्हणाला. “सापडेल त्याला.”

त्याने जिवाचा कान केला होता. दुसरी कप्पी करकरली. दादाने मान हलविली. शीड चढू लागले. ते मीच शिवलेले होते, आणि अर्ध्यावर आल्यावर वाऱ्यात जोराने फडफडू लागले. ती फडफड पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होती, आणि दादाचा चेहरा तिच्याबरोबर वळत होता, जणू तो तिला पाहतच आहे. मग बेकरीवाल्याने दांडा ओढला, शिडात वारा भरला आणि फडफड थांबली.

नीट भरलेले शीड आवाज करीत नाही. कोणतेही चांगले शीड तसेच असते. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे अभिमानाने सांगत आलो आहे.

“भरलं?” दादाने विचारले.

“भरलं.”

“छान चाललीय?”

“छान चाललीय, दादा.”

त्याने हात उंच केला आणि तो हलवू लागला. म्हातारी तोवर उजव्या हाताला वळून बंदराच्या तोंडाकडे निघाली होती. बेकरीवाला मागे वळून, टोपी काढून, आमच्याकडे पाहत होता. दादा जिकडे हात हलवीत होता तिकडे, जेथे ती त्याला शेवटची ऐकू आली होती तिकडे, रिकामे पाणी होते. मला त्याला सांगवेना.

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी त्याचे कोपर धरून त्याला थोडेसे उजवीकडे वळविले, आणखी थोडेसे वळविले, आणि कोपर न सोडता म्हणाल्या,

“आता हलवा.”